'सायकल गेली, गाडी आली': पिंगळीला हे वाक्य लागू पडतं का?

वाहतुकीच्या इतिहासावर संशोधन करायचं ठरवलंत, तर एक ठरलेली गोष्ट तुम्हाला वारंवार वाचायला मिळेल: पुणे सायकलींचं शहर होतं, मग लुना, चेतक, पुढे मोटारसायकली आल्या आणि सायकल मागे पडली. पुण्यापुरतं हे बरंचसं पटतं. पण परभणी जिल्ह्यातल्या पिंगळीसारख्या गावालाही तीच गोष्ट चिकटवली जाते, तिथे माझा आक्षेप आहे.

जनगणनेचे देशपातळीवरचे आकडे बघा. २००१ ते २०११ मध्ये सायकल असलेली शहरी कुटुंबं ४६.० टक्क्यांवरून ४१.९ वर आली. ग्रामीण भागात मात्र ती ४२.८ वरून ४६.२ वर गेली! त्याच काळात स्कूटर, मोटारसायकल किंवा मोपेड असलेली ग्रामीण कुटुंबंही ६.७ वरून १४.३ टक्के झाली. म्हणजे खेड्यात दोन्ही वाढल्या.

पण लगेच उलटा निष्कर्षही काढू नका. घरात सायकल असणं वेगळं, ती रोज चालवणं वेगळं. २०११ मध्ये कामावर जाण्याचं साधन विचारलं गेलं खरं, पण त्या तक्त्यात फक्त 'इतर कामगार' आहेत. शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले लोक नाहीत. पिंगळीत कोणी सायकलने शेतात मजुरीला जात असेल, तर तो त्यात दिसणारच नाही. आणि जो मोजलाच नाही, त्याचा विचार रस्ता आखताना कोण करणार?

म्हणून 'सायकल कधी गेली?' असं विचारू नका. घरातली गाडी कोण वापरतं आणि सायकल कोणाच्या वाट्याला येते, हे विचारा. त्यासाठी मात्र तक्ता बाजूला ठेवून घरोघरी जावं लागेल.