गावाच्या सुखदुःखाचे मूळ

लहान गावात राहणे सुखाचे की कष्टाचे, हा प्रश्न आपल्या वाङ्मयाने पुष्कळदा विचारला आहे. परंतु उत्तर देताना ते बहुधा कोणत्या तरी एका टोकास जाऊन बसते. एका पक्षास गाव म्हणजे मोकळी हवा, ताजे दूध व भोळीभाबडी माणसे. दुसऱ्या पक्षास तेच गाव म्हणजे दारिद्र्य, भाऊबंदकी व अज्ञान. ही दोन्ही चित्रे खोटी आहेत असे आमचे म्हणणे नाही. ज्या एका मुळापासून ही दोन्ही फळे निघतात, ते मूळ ह्या लेखकांच्या नजरेस पडत नाही, एवढाच आमचा आक्षेप आहे.

धाराशिव जिल्ह्यातील मुरुम हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. उमरगे तालुक्यातील हे गाव १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होते. १९५६ साली ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आले व १९६० साली महाराष्ट्रात. कर्नाटकाची सीमा जवळ असल्यामुळे मराठीबरोबर कानडी व उर्दूही कानांवर पडते. नगरपरिषद असल्यामुळे ह्यास खेडे म्हणवत नाही, आणि पाऊसपाण्यावर बाजारपेठेचे मन वरखाली होते म्हणून शहरही म्हणवत नाही.

अशा गावात मनुष्य अनोळखी राहूच शकत नाही. दुकानदार उधार देतो तो घराणे ओळखून. घरात कोणी आजारी पडले तर शेजारी न बोलावता येतो. शहरात पैसे मोजूनही न मिळणारे हे सुख आहे. परंतु जी ओळख उधार मिळवून देते, तीच मनुष्याची जात, आजोबांचे कर्ज व थोरल्या भावाचा लौकिक विसरू देत नाही. मुलीने कोठवर शिकावे, ह्याविषयीही शेजाऱ्यास मत असते. मोठ्या दुखण्यासाठी सोलापूरची वाट धरावी लागते ही अडचण खरीच. पण ती रस्त्याने व पैशाने दूर होण्यासारखी आहे. ओळखीचा जाच तसा नाही. कारण तो ओळखीच्या सुखातच मिसळलेला आहे.

हे मर्म ज्यांना उमगले असे लेखक आपल्याकडे आहेत. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) बलुतेदारीतील परस्परावलंबन आणि जाच एकाच ठिकाणी दिसतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तील (१९५५) तरुण मास्तर परका म्हणून येतो व हळूहळू वाडीचा होतो, आपलेपणाची गोडी तेथे उत्तम उतरली आहे. मात्र मास्तर पुन्हा निघून जाऊ शकतो, आणि हे स्वातंत्र्य गावातच जन्मलेल्यास सहसा नसते. ती उणीव रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ (१९७१) भरून काढते. शिंप्याच्या कुटुंबाची वाताहत त्याच्या बायकोच्या तोंडून ऐकताना, ज्या गावाने पोसले तेच गाव कसे मोडते, हे मराठवाडी बोलीत वाचकांस कळते.

तथापि ही बहुतेक वाडीची व खेड्याची चित्रे होत. बाजाराचे गाव आपल्या साहित्यात बहुधा येता-जाता दिसते. भास्कर चंदनशिवांच्या ‘लाल चिखल’ कथेत माल विकावयास आलेल्या शेतकऱ्याच्या बाजूने बाजार दिसतो, व तो विलक्षण दिसतो. पण त्याच बाजारात जन्म काढणाऱ्या दुकानदाराचे, कारकुनाचे, शिक्षकाचे व त्यांच्या घरांतील स्त्रियांचे मन अद्याप पुरतेपणी लिहिले गेलेले नाही.

ही उणीव केवळ वाङ्मयाची नव्हे. गोड चित्रांवर पोसलेला शहरी वाचक गावास सुटीपुरते आठवतो; काळ्या चित्रांवर पोसलेला गावचा तरुण, बाहेर पडणे हाच काय तो शहाणपणा असे समजतो. दोघेही गाव सुधारण्याच्या भानगडीत पडत नाहीत. २०२० साली ९३वे मराठी साहित्य संमेलन ह्याच जिल्ह्याच्या ठिकाणी भरले, ही आनंदाची गोष्ट झाली. परंतु संमेलनाचा मांडव तीन दिवसांत उतरतो, वाचनालय बारमाही लागते. मुरुमसारख्या गावातील मुलास आपल्या गल्लीचे खरे चित्र पुस्तकात सापडेल, तेव्हा राहावे की जावे हे तो डोळसपणे ठरवील. जाणाऱ्यास अपराधी वाटू नये आणि राहणाऱ्यास हीन वाटू नये, एवढे जरी साहित्याने साधले तरी ते थोडे नव्हे.