शिळ्या कढीचा न्याय

शिळ्या अन्नाविषयी मराठी भाषेने आपला निकाल एका वाक्प्रचारात देऊन ठेवला आहे. मिटलेले भांडण उकरून काढणाऱ्यास अथवा विस्मृतीत गेलेला वाद भर सभेत पुन्हा मांडणाऱ्यास ‘शिळ्या कढीला ऊत आणू नका’ असे आपण सुनावतो. आमच्या वकिली व्यवसायात तर हा वाक्प्रचार नित्याच्या उपयोगाचा आहे. परंतु लोंढ्याहून निघालेली गाडी कॅसलरॉकचा घाट उतरून गोव्यात शिरली, की याच कढीविषयी कोकणी माणसाचे मत अगदी उलट असल्याचे आढळते. तेथे ‘कालची कडी’ हा उपहासाचा विषय नसून सकाळच्या न्याहारीचे भूषण आहे. एकच शब्द घाटावर दोषारोप ठरतो आणि घाटाखाली प्रशस्ती ठरतो. मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषा ज्यांच्या घरात नांदतात, त्या आमच्या वाचकांनी या मतभेदाचा थोडा विचार करावा. उरलेल्या अन्नापासून नवा पदार्थ करण्याच्या कलेचे मर्म त्यातच आहे, असे आम्हांस वाटते.

दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे आहेत. घाटावरची कढी ताकाची अथवा दह्याची. डाळीच्या पिठाचा आधार असला तरी तिला फार उकळी सोसत नाही. दुसऱ्या दिवशी ती खळखळ उकळू दिली, तर दह्यातील प्रथिनांच्या गुठळ्या होऊन पाणी निराळे पडते आणि कढी फुटते. गोव्याची कडी नारळ, सुक्या मिरच्या आणि धणे यांच्या वाटणाची. तीत चिंचेचा किंवा सोलांचा आंबटपणा असतो आणि बांगड्याची असेल तर तिरफळाचा वासही असतो. रात्रभर ती मुरते. सकाळी मातीच्या कुंडल्यात मंद आचेवर ठेवली म्हणजे तिच्यातील पाणी आटते, वाटण आळते आणि आदल्या दिवशी निरनिराळे जाणवणारे तिखट, आंबट व खारट हे रस एकजीव होतात. मग ती पेजेबरोबर अथवा पावाबरोबर खावी. ताजी कडी कितीही उत्तम साधली, तरी तिला कालच्या कडीची सर येत नाही. कारण मधली रात्र हीच कालच्या कडीतील एक जिन्नस आहे.

यावरून उरलेल्या अन्नाच्या कोणत्याही पदार्थास लावण्याजोगी एक कसोटी मिळते. हा पदार्थ ताज्या अन्नापासून असाच, किंवा याहून चांगला, करता आला असता काय? उत्तर ‘नाही’ असे आले, तर शिळेपणाचा गुण ओळखून तो पदार्थ रचलेला आहे. उत्तर ‘होय’ असे आले, तर उरलेले अन्न हे त्या पदार्थाचे केवळ निमित्त होय.

फोडणीचा भात या कसोटीस पुरेपूर उतरतो. गरम भातातील पिष्ट पाणी पिऊन फुगलेले व मऊ असते. त्यावर फोडणी घालून परतू गेल्यास शिते मोडतात आणि कढईत लगदा होतो. भात निवला म्हणजे त्या पिष्टाचे रेणू पुन्हा जवळ येऊन घट्ट बसतात, शीत न् शीत सुटे होते आणि मोहरी, हळद, मिरची, कांदा यांचा संस्कार प्रत्येक शितावर वेगळा होतो. चीनमध्ये तळलेल्या भातासाठी आदल्या दिवशीचा भात पसंत करतात, त्याचेही कारण हेच. आमच्या सीमाभागातील कानडी घरांत चित्रान्नासाठी मुद्दाम ताजा भात करणारी गृहिणीसुद्धा तो आधी परातीत पसरून निववते. भात ताजा असला तरी तिला गुण हवा असतो तो शिळ्याचा.

लोंढा हे या विद्येचे चांगले निरीक्षणस्थान आहे. खानापूर तालुक्याचा हा भाग पावसाचा आणि भाताचा. उत्तरेस निपाणीकडे आणि पूर्वेस धारवाडकडे सरकावे तसा जोंधळा वाढत जातो. जेथे जे पिकते तेच उरते, आणि जे उरते त्यावरच तेथील गृहिणीची प्रतिभा चालते. इकडे भाताची पेज होते अथवा त्याला फोडणी मिळते. तिकडे जोंधळ्याची शिळी भाकरी ताकात कुस्करली जाते, किंवा तिचा चुरा कांदा व शेंगदाण्यांसह परतला जातो. गव्हाच्या पोळीचे कुटके होतात. येथेही ताजी पोळी कामाची नाही. ती कुस्करू गेल्यास तिचा गोळा होतो. शिळी पोळी मात्र सुटी, रवाळ होते आणि फोडणी अंगात मुरवून घेते. फ्रान्समध्ये वाळलेला पाव दुधाअंड्यात भिजवून तव्यावर भाजतात, त्या पदार्थाच्या नावाचा अर्थ ‘वाया गेलेला पाव’ असा आहे. इटलीतील तस्कनी प्रांतात भाज्या, घेवडा आणि शिळा पाव यांचे ‘रिबोलिता’ नावाचे कालवण करतात, आणि रिबोलिता म्हणजे अक्षरशः ‘पुन्हा उकळलेली’. आमच्या म्हणीने ज्या ऊताला नावे ठेवली, तोच तेथे पदार्थाचे नाव होऊन बसला आहे.

या साऱ्या पदार्थांस आम्ही रूपांतर म्हणू. दुसरा वर्ग समावेशाचा. उरलेली आमटी वा पालेभाजी थालिपिठाच्या पिठात मळणे, वरणात कणीक भिजवून तिखटमिठाच्या पुऱ्या करणे, हे पदार्थ ताज्या जिनसांनीही होतात. येथे उरलेले अन्न पाहुण्यासारखे येते आणि घरच्यांत मिसळून जाते. हा वर्ग दुय्यम असला तरी सभ्य आहे. तो काही लपवीत नाही आणि त्यासाठी फारसे वेगळे खर्चावे लागत नाही.

तिसरा वर्ग वेषांतराचा, आणि आमची तक्रार त्याविषयी आहे. अलीकडे नियतकालिकांच्या पाककृती-सदरांतून, दूरदर्शनच्या पडद्यावर आणि हातातल्या मोबाइलवरही ‘उरलेल्या अन्नाचे नावीन्यपूर्ण पदार्थ’ म्हणून जे दाखवले जाते, त्यातील बराचसा भाग याच जातीचा असतो. दोन पोळ्या उरल्या म्हणून त्यांचे लांब काप करावेत, त्यांवर बाटलीतले दोन-तीन प्रकारचे सॉस ओतावेत आणि त्यास नूडल्स म्हणावे. भाकरीवर चीजचा थर देऊन तिला पिझ्झा म्हणावे. इडलीचे तुकडे तळून रश्शात बुडवावेत आणि त्यांस मांचुरियन म्हणावे. चवीबद्दल आमचे भांडण नाही. मुले आवडीने खातात, हेही आम्ही मान्य करतो. परंतु ज्या पदार्थात वाचवलेल्या वस्तूपेक्षा वाचवण्यासाठी घातलेल्या वस्तूंचे मोल अधिक, त्यास काटकसर म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे. आणि ज्यात मूळ अन्नाची चव कळू नये एवढ्यासाठीच सारी धडपड असते, त्यास निर्मिती म्हणणेही तसेच.

मात्र यात सारा दोष नव्यांचाच आहे असे नाही. छापील पाककृतीचा साचाच या विद्येला प्रतिकूल आहे. मुंबईत रेशनिंग आले त्याच 1943 साली सारस्वत महिला समाजाची ‘रसचंद्रिका’ मराठीत निघाली. 1970 साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप देऊन नवशिक्या हातांना धीर दिला. या ग्रंथांचे उपकार मोठे आहेत. परंतु पाककृतीचा आरंभ ‘साहित्य’ या शब्दाने होतो आणि साहित्य म्हणजे मोजून घेतलेले कोरे जिन्नस, असे आपण गृहीत धरतो. उरलेल्यास माप नसते. आज दीड मूद भात उरेल, उद्या अर्धी वाटी उसळ. येथे कृती पाठ करून भागत नाही, गुण ओळखावा लागतो. म्हणूनच ही विद्या पुस्तकात शिरली नाही. ती सासूकडून सुनेकडे हातोहात आली, आणि हात तुटले की तीही तुटते.

धर्मशास्त्राकडे वळल्यास तेथेही विवेक दिसतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शिळ्या अन्नाचा सरसकट निषेध नाही. तुपातेलाने युक्त पदार्थ, यज्ञातील हविःशेष, जव-गव्हाचे आणि दुधाचे पदार्थ यांना तेथे सूट आहे. जे टिकते ते खावे, असा हा अनुभवाचा नियम आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस आहाराच्या वर्णनात ‘पर्युषित’ आणि ‘उच्छिष्ट’ असे दोन वेगळे शब्द येतात. वकिलाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. पातेल्यात उरते ते शिळे. पानावर उरते ते उष्टे. पहिल्याचा प्रश्न पाकशास्त्राचा आहे, दुसऱ्याचा प्रतिष्ठेचा. शीतला सप्तमीस तर चूल न पेटवता आदल्या दिवशीचे अन्न देवीस दाखवतात आणि घरातील लहानथोर तेच खातात.

‘लहानथोर तेच खातात’ या शब्दांवर आम्ही वाचकांस क्षणभर थांबवू इच्छितो. वर्षातील इतर दिवशी आपल्या घरांत शिळे कोणाच्या पानात पडत आले आहे? पंगत उठल्यावर शेवटी बसणाऱ्या स्त्रीच्या. ‘शिळे संपवणे’ हे तिचे एक अलिखित कर्तव्यच मानले गेले आणि तिच्या त्या जेवणास काटकसर, त्याग, गृहिणीधर्म अशी सुंदर नावे मिळाली. उरलेल्या भाताला फोडणी पडून तो सकाळी सर्वांच्या ताटलीत येतो, तेव्हा एक चवदार पदार्थ होतो खराच. शिवाय एकीच्या वाट्याचे ओझे सर्वांत वाटले जाते. या कलेचे खरे मोल आम्हांस येथे दिसते. आणि म्हणूनच फोडणीचा भात फक्त घरातल्या बाईसाठी आणि बाकीच्यांसाठी ताजे पोहे, असा जेथे रिवाज आहे, तेथे त्या भाताची चव कितीही चांगली असो, आमचे मत त्याच्या विरुद्ध जाते.

घराबाहेरही हाच न्याय लागू होतो. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मृत जनावराचे मांस आणि इतरांनी टाकलेले शिळे-उष्टे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. त्या तुकड्यांत अन्नाबरोबर अपमानही वाढलेला असे. आपल्या देवस्थानांच्या समाराधनेत पंगती उठल्यावर हंड्यांतून भात, आमटी उरते. ते गरिबांस वाटण्याची इच्छा स्तुत्य आहे. परंतु दुपारी उरलेले अन्न संध्याकाळपर्यंत उघडे ठेवून, वास येऊ लागल्यावर फाटकाबाहेरच्या माणसाला देणे हा दानधर्म नव्हे. अतिरिक्त अन्न गोळा करून वाटण्याविषयी 2019 साली केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे विनियम निघाले, त्यांचाही आशय हाच की दिले जाणारे अन्न खाण्यास सुरक्षित असले पाहिजे. आमच्या मते महाजनांनी याहून सोपा नियम पाळावा: जे आपण स्वतःच्या पानात वाढून घेऊ, तेच आणि तेव्हाच द्यावे.

येथे मुदतीचा मुद्दा येतो. 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे न्याय्य दावासुद्धा मुदत टळली की चालत नाही. अन्नाचेही तसेच आहे. भातात बॅसिलस सेरेअस नावाच्या जंतूची बीजे शिजवूनही जिवंत राहू शकतात. भात तासन् तास उष्ण हवेत राहिला तर ती वाढतात, आणि त्यांनी केलेले एक विष पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. म्हणून दोन तासांच्या आत भात पसरून निववावा, शीतकपाटात ठेवावा आणि खाताना एकदाच वाफ येईतो कडकडीत तापवावा. जुन्या घरांत कडी रात्री पुन्हा उकळून ठेवीत आणि तिच्यात आंबट व मीठ भरपूर असे. हे त्या काळचे संरक्षण होते. नारळाचा पदार्थ दमट हवेत लवकर नासतो, हे त्या बायकांना कोणी सांगावे लागले नाही.

प्रश्न आता घरापुरता राहिलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने 2024 साली दिलेल्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत पोहोचणाऱ्या अन्नाच्या ते 19 टक्के भरते, आणि त्यातील साठ टक्के घरांतून टाकले गेले होते. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारी एका वेळचे जेवण सोडण्यास सांगितले, तेव्हा अन्न टाकू नका असे वेगळे सांगण्याची गरज नव्हती. आज धान्य पुष्कळ आहे, शीतकपाट घरोघर आले आहे, आणि त्यातील मागच्या कप्प्यात डबे विसरले जात आहेत. पूर्वी शिळे एकीला खावे लागे, आता ते कोणीच खात नाही. अन्याय गेला हे उत्तम झाले. पण त्याबरोबर विद्याही जाऊ देण्याचे कारण नव्हते.

तेव्हा शिळ्या कढीच्या खटल्यात आमचा निवाडा असा. वाक्प्रचार खोटा नाही, पण तो ताकाच्या कढीपुरता खरा आहे. कोणते अन्न दुसऱ्या दिवशी फुटते आणि कोणते मुरते, हे ओळखणे हीच या कलेतील प्रतिभा. ते मुदतीत वापरणे ही तिची मर्यादा. आणि जे होईल ते घरातल्या प्रत्येकाच्या पानात सारखे वाढणे हा तिचा धर्म. हे तीन साधले, तर घाटावरच्यांनी घाटाखालच्यांकडून कालच्या कडीची एक वाटी मागून घेण्यास हरकत नाही.