‘व्हायरल झाला’ या वाक्याचा कर्ता कोण?

नोव्हेंबर २०२५ मध्ये इथे जुहूत जे घडले, ते आपण सगळ्यांनी पाहिले. आपण ते पाहिले, हाच आजचा मुद्दा आहे.

११ तारखेला धर्मेंद्र गेल्याची खोटी बातमी पसरली. ती घरच्यांना जाहीरपणे खोडून काढावी लागली. दुसऱ्या दिवशी त्यांना रुग्णालयातून जुहूच्या घरी आणले. मग खाटेभोवती रडणाऱ्या कुटुंबाची चित्रफीत फुटली, घरासमोर कॅमेऱ्यांची गर्दी झाली. १३ तारखेला सनी देओल बाहेर आले, हात जोडले आणि छायाचित्रकारांवर संतापले. आता बघा, त्या संतापाचाही व्हिडिओ आपण एकमेकांना पाठवला! २४ नोव्हेंबरला धर्मेंद्र खरोखरच गेले.

यावर दोन युक्तिवाद नेहमी ऐकू येतात. पहिला असा, की ही मंडळी प्रसिद्धीवर जगतात, मग तक्रार कसली? नटाच्या कामावर आपण हवे ते बोलावे, तो आपला हक्कच. पण आजारपण म्हणजे काही भूमिका नव्हे. आपण तिकीट पडद्याचे काढले होते, खाटेचे नाही.

दुसरा युक्तिवाद जास्त चिवट आहे. ‘लाखोंनी पाहिलंच आहे, मी एकाने पाठवलं तर काय बिघडलं?’ इथे आपण जबाबदारीची वाटणी वडिलोपार्जित जमिनीसारखी करतो. वाटेकरी वाढले की तुकडा लहान. जबाबदारी अशी वाटली जात नाही. पाठवणारा प्रत्येक जण पूर्ण कृती करतो. ‘व्हायरल झाला’ म्हणताना आपण वाक्यातला कर्ताच गायब करतो, एवढेच.

धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध माणसे ठार मारली. त्या अफवा पुढे ढकलणाऱ्यांपैकी कुणाला आपला त्यात हात आहे असे वाटले असेल? त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. यंत्राला जे कळले, ते आपल्याला कळायला हवे.

कायदा आहे ना, असे कुणी म्हणेल. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण २०२३ चा डेटा संरक्षण कायदा निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती वापराला लागूच नाही. घरच्या ग्रुपवर काय जावे, हे पुष्कळसे आपल्याच विवेकावर राहते.

मग काहीच टिपू नये का? तसे नाही. लाच घेणारा अधिकारी, दंडुका उगारणारा शिपाई यांचा व्हिडिओ समाजाच्या कामाचा असतो. आपण एवढेच विचारावे: यातून कुणाची सत्ता उघडी पडते आहे, की फक्त कुणाचे दुःख?

आणि हा प्रश्न नामवंतांपुरता नाही. त्यांच्या घराला फाटक असते, बाजूने बोलणारे असतात. जुहू चौपाटीवर भांडणाऱ्या, रडणाऱ्या अनोळखी माणसाला फाटक नसते. त्याच्यासाठी असलेच तर आपण आहोत. आपल्या हातातला व्हिडिओ आपल्यापाशीच थांबवणारे आपण.