सुचवणं आणि ठरवणं

पुणे महापालिकेनं 2006 मध्ये नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक सुरू केलं, त्याचं कौतुक सगळीकडे होतं. पण पद्धत नीट बघा. पदपथ, पथदिवे, बाकडी, काय हवं ते अर्जावर लिहा आणि क्षेत्रीय कार्यालयात द्या. पुढं अधिकारी छाननी करणार, प्रभाग समितीत नगरसेवक ठरवणार. म्हणजे सुचवायचं तुम्ही, ठरवायचं त्यांनी!

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात 1989 पासून लोक वस्तीच्या सभेत बसून, आधी पाणी की आधी रस्ता, हे मत देऊन ठरवू लागले. पुण्यात सहभाग हा शब्द आला, मत काही आलं नाही.

हे चिकलठाण्यात का सांगतोय? हे गाव महापालिकेत गेलं आणि ग्रामसभा संपली. तिथं गोंधळ व्हायचा, मान्य. पण उठून 'पैसा कुठं गेला?' विचारायची सोय तरी होती. एप्रिल 2020 नंतर तर पाच वर्षांहून जास्त काळ नगरसेवकही नव्हते, सगळं प्रशासकाच्या सहीवर. तेव्हा पुण्यासारखा अर्ज इथं आणायचा असेल, तर आधी प्रभागाची रक्कम जाहीर करा, कामांवर उघड सभेत मत घ्या, आणि नाकारलेल्या कामाचं कारण लेखी द्या.