स्वाक्षरी आणि साक्ष

रॉबर्ट टेलर यांच्या युद्धविमानांच्या मुद्रितचित्रांवर चित्रकाराच्या सहीबरोबर वैमानिकांच्याही सह्या आढळतात. संग्राहक त्यांना प्रत्यक्षदर्शीची साक्ष मानतो. परंतु ही साक्ष एकांगी होय. १९४४ साली युद्धात उतरलेल्या 'मेसरश्मिट २६२' या जेट विमानाची धडे गुझेन छळछावणीच्या कैद्यांनी भुयारी कारखान्यात घडविली. त्यांची सही कोठेच नाही.

उल्हासनगर-अंबरनाथ परिसरातील वाचकास हे मौन अपरिचित नसावे. नेवाळीच्या धावपट्टीसाठी त्याच महायुद्धात शेतजमिनी घेतल्या गेल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून २०१७ सालीही शेतकऱ्यांना आंदोलन करावे लागले. चित्रातील आकाश देखणे खरेच. तथापि त्याखालची भूमी आणि श्रम चौकटीबाहेर राहतात. संग्राहकाने सहीचे मोल जरूर करावे. समीक्षकाने मात्र त्या चौकटीबाहेर पाहणे अगत्याचे आहे.