मुलाखत-मार्गदर्शके आणि चोरलेली जात

नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून देणारी पुस्तके समीक्षेचा विषय होऊ शकतात, असे आमच्या समीक्षकांना अजून वाटलेले नाही. आपण कवितेवर लिहितो, आत्मकथनांवर लिहितो. पण आमच्या वस्तीतला पदवीधर मुलगा पोटाला चिमटा घेऊन आज जे पुस्तक विकत घेतो, ते बहुधा पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेले मुलाखत-मार्गदर्शक असते. इतक्या श्रद्धेने वाचले जाणारे पुस्तक त्याला कोणत्या प्रकारचा माणूस व्हायला सांगते, हे तपासणे आपले कामच आहे.

ही पुस्तके निरुपयोगी आहेत असे माझे म्हणणे नाही. मुलाखत म्हणजे काय, हे सांगणारे माझ्या घरात कोणी नव्हते. जाहिरात बारकाईने कशी वाचावी, प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती कशा लावाव्यात, खुर्चीवर कसे बसावे, हे मीही या पुस्तकांतूनच शिकलो. त्यांचे ऋण मी नाकारत नाही.

परंतु प्रत्येक पुस्तकाला असतो तसा या पुस्तकांनाही एक नायक असतो. 'स्वतःविषयी सांगा' या प्रश्नाचे नमुना-उत्तर वाचा, म्हणजे तो दिसेल. त्याचे वडील शिक्षक किंवा अधिकारी असतात. घरात वाचनाचे वातावरण असते. छंद म्हणून तो गिर्यारोहण करतो, शास्त्रीय संगीत ऐकतो. सुट्टीत रोजगार हमीच्या कामावर मातीच्या पाट्या वाहणाऱ्या मुलाने 'छंद' या रकान्यात काय लिहावे, हे मी वाचलेल्या एकाही पुस्तकाने सांगितलेले नाही. 'शुद्ध बोला' हा उपदेश मात्र पानोपानी आहे. 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हणणाऱ्याचे उत्तर बरोबर की चूक, हे ठरण्याआधीच त्याचे घर कळलेले असते. या पांढरपेशा नायकाचे सोंग घ्या, हाच या पुस्तकांचा न लिहिलेला उपदेश आहे.

या सोंगाची किंमत आपल्या साहित्याने फार पूर्वी सांगून ठेवली आहे. बाबुराव बागूलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. त्यातल्या शीर्षककथेचा नायक रेल्वेतल्या नोकरीसाठी परगावी जातो, जात लपवून राहतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो. नोकरी मिळाली म्हणजे प्रश्न सुटला, या भ्रमाला बागूलांनी तिथेच छेद दिला. त्याच्याही आधी, १९१७ साली, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा नव्हती. पारशी नाव लावून त्यांना पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. तिथे गुणवत्तेचा प्रश्नच नव्हता. प्रश्न वहीत लिहिलेल्या नावाचा होता.

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांचा होता. दलित वाटणाऱ्या नावांना पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावांपेक्षा स्पष्टपणे कमी निघाली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांच्या भरती-अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिले की, जात न विचारता 'कौटुंबिक पार्श्वभूमी' विचारली जाते आणि तीही गुणवत्तेच्या नावाने. आमच्या मुलांना पाठ करायला दिलेला तो पहिला प्रश्न किती निरागस आहे, हे यावरून ठरवावे.

कायद्यालाही या खोलीचा संशय आलेला आहे. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाच्या खटल्यात, १९८० साली, सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक वाटा देणे मनमानी ठरवले. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. मग प्राध्यापकपदाचे काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने सहायक प्राध्यापकासाठी शैक्षणिक गुणांचा उपयोग फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरता ठेवला आणि निवड केवळ मुलाखतीवर सोपवली. म्हणजे शिपायाच्या निवडीत जी खोली धोक्याची ठरली, ती प्राध्यापकाच्या निवडीत सर्वाधिकारी झाली. 'योग्य उमेदवार आढळला नाही' हा शेरा अशाच खोलीत लिहिला जातो.

आता माझ्याविषयी. आमच्या महाविद्यालयात मी सराव मुलाखती घेतो. एका विद्यार्थ्याने सांगितले, "वडील नगरपालिकेत सफाई कामगार आहेत." मी म्हणालो, "नुसते 'नगरपालिकेत नोकरीला आहेत' म्हण." त्याने मान हलवली आणि पुढच्या वेळी तसेच म्हटले. उत्तर निर्दोष होते, पण त्याचा आवाज पडला होता. बागूलांच्या कथेवर व्याख्यान देणारा मी, माझ्याच विद्यार्थ्याला जात चोरायला शिकवत होतो. त्याचे भले व्हावे, हीच माझी इच्छा होती, आणि ती व्यवस्था नेमकी याच इच्छेचा आधार घेते.

'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना ऐकवतो. शिकलेल्या माणसाच्या समोर त्याचाच मागे राहिलेला भाग येऊन बसतो, आणि तो त्याला हाकलून देत नाही. मुलाखत-मार्गदर्शक मात्र दगडूला दाराबाहेर उभा करून दया पवारांना एकट्याने आत यायला सांगते. दलित आत्मकथनाने 'स्वतःविषयी सांगा' या प्रश्नाचे उत्तर १९७८ सालीच दिले होते. आपण त्यावर चर्चासत्रे भरवली, पण त्यातून एकही सराव-पुस्तिका तयार केली नाही. हा दोष प्रस्थापितांवर ढकलता येणार नाही.

तेव्हा आपले मार्गदर्शक आपणच लिहिले पाहिजे. बिंदुनामावली कशी वाचावी, जातवैधता प्रमाणपत्रासाठी केव्हा धावावे, मुलाखतीत आपल्याला किती गुण पडले हे २००५ च्या माहिती अधिकारात कसे विचारावे, हे त्यात असावे. प्रमाणभाषाही असावी, पण कामाचे हत्यार म्हणून. घरच्या बोलीची लाज म्हणून नव्हे. आणि पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात सफाई कामगार बाप असावा, त्याच्या कामासह आणि त्याच कामावर मुलाला शिकवल्याच्या अभिमानासह.

असे उत्तर देऊन नोकरी मिळेलच, अशी हमी मी देऊ शकत नाही. खरे सांगून नापास होण्याचा धोका पत्करा, असे पगारी माणसाने बेकार माणसाला सांगणेही सोपे नाही. पण एवढे मी करू शकतो. त्या विद्यार्थ्याला मी पुन्हा बोलावले आहे. या वेळी उत्तर तो ठरवील, आणि मी ऐकणार आहे.