मलय-ओरोमो तुलना आणि मराठी-छत्तीसगढीचा शेजार

मलय आणि ओरोमो या दोन भाषांची तुलना करावी असे कोणी सुचविले, तर मराठीच्या अभ्यासकाचा पहिला प्रश्न ‘कशासाठी?’ हाच असेल. मलय ही ऑस्ट्रोनेशियन कुळातील. मलेशिया, ब्रुनेई व सिंगापूर येथे आणि इंडोनेशियन या रूपाने इंडोनेशियात प्रतिष्ठा पावलेली. ओरोमो ही आफ्रो-आशियाई कुळाच्या कुशिटी शाखेतील. इथिओपिया व उत्तर केनिया यांत बोलली जाणारी. दोहोंचे गोत्र एक नाही, सीमा एकमेकींना भिडत नाहीत, वाङ्मयीन वारसाही सामायिक नाही. एरवी तुलनेसाठी आपण जी निमित्ते शोधतो, त्यांतले एकही येथे उपलब्ध नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, नेमक्या याच कारणाने ही तुलना उपयुक्त ठरते. आणि तिचा उपयोग क्वालालंपूर किंवा अदिस अबाबा येथे जितका, त्याहून दुर्ग-भिलाईच्या पद्मनाभपुरासारख्या वस्तीत अधिक आहे. तेथील मराठी कुटुंबांची भाषा छत्तीसगढी व हिंदी यांच्या सहवासात घडत आलेली आहे, आणि त्या भाषेविषयी बोलताना आपण जे निवाडे सहज देऊन टाकतो ते तपासून पाहण्याची गरज आहे.

प्रथम एका भ्रमाचा निरास केला पाहिजे. या दोन्ही भाषा आज रोमन लिपीत लिहिल्या जातात. मलयची अरबी वळणाची जावी लिपी मागे पडून रोमन लेखन रूढ झाले व १९७२ साली मलेशिया आणि इंडोनेशिया यांनी समान लेखनपद्धती स्वीकारली. ओरोमोने १९९१ साली ‘कुबे’ ही रोमन वर्णमाला अधिकृतपणे अंगीकारली. परिणामी दोन्ही भाषांची पाने शेजारी ठेवली की काही शब्द अक्षरशः सारखे दिसतात. ‘नमा’ हा शब्द मलयमध्ये ‘नाव’ या अर्थी आहे, आणि तो उघडच संस्कृतातून गेलेला आहे. ओरोमोत त्याच लेखनाचा अर्थ ‘माणूस’. ‘लमा’ म्हणजे मलयमध्ये ‘जुना, दीर्घकाळचा’, तर ओरोमोत ‘दोन’. ‘मना’ मलयमध्ये ‘कुठे’ असे विचारते आणि ओरोमोत ‘घर’ दाखविते. मराठी वाचकाला तेथे ‘मन’ही ऐकू येईल. शब्दसाम्याच्या याद्यांवर भाषांची नाती उभारण्याचा जो छंद आपल्याकडे काही काळ फोफावला होता, त्यास हे तीन शब्द पुरेसे उत्तर आहेत. उलट खरी उसनवारीही चेहरा बदलून येते. मलयमधील ‘चिंता’ हा शब्द संस्कृत ‘चिन्ता’च आहे, पण त्याचा अर्थ आहे प्रेम. (मराठी आईस हा अर्थबदल समजावून सांगावा लागणार नाही.)

आता व्याकरणाकडे वळू. ‘तो आला’ व ‘ती आली’ यांसाठी मलयमध्ये एकच वाक्य आहे, ‘दिआ दातांग’. सर्वनामात लिंग नाही, क्रियापदात लिंग नाही, नामातही व्याकरणिक लिंग नाही. ओरोमोत मात्र ‘डुफे’ म्हणजे तो आला आणि ‘डुफ्ते’ म्हणजे ती आली. (येथील ‘डु’तील व्यंजन श्वास आत ओढून उच्चारले जाते; मराठीच्या वर्णमालेत त्याला अक्षर नाही.) लिंगव्यवस्था ओरोमोत इतकी मुरलेली आहे की सूर्यही तेथे स्त्रीलिंगी क्रियापद घेतो. मराठीचा अभ्यासक येथे स्वाभाविकच ओरोमोच्या बाजूला उभा राहील. आपल्याकडे लिंगे तीन, आणि ती क्रियापदापर्यंत झिरपलेली.

परंतु दुर्गच्या बाजारात उभे राहून ऐकले तर काय आढळते? छत्तीसगढीत ‘टुरा आइस’ आणि ‘टुरी आइस’ — मुलगा असो वा मुलगी, क्रियापद तेच. म्हणजे मराठीची सख्खी आर्यकुलीन आप्त असलेली छत्तीसगढी या एका बाबतीत मलयच्या पंक्तीला बसते आणि मराठी कुशिटी ओरोमोच्या पंक्तीला. कुळ एक, घडण भिन्न. कुळ भिन्न, घडण समान. भाषांचे आप्तत्व आणि भाषांची रचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाठ्यपुस्तकातील विधान येथे डोळ्यांसमोर घडताना दिसते.

संख्यावाचकांच्या बाबतीत हा प्रकार अधिक लक्षणीय आहे. मलयमध्ये मोजताना संख्येनंतर वर्गदर्शक शब्द योजण्याची पद्धत आहे. तीन शिक्षक म्हणजे ‘तिगा ओरांग गुरू’, शब्दशः ‘तीन माणूस गुरू’. तीन गाई म्हणजे ‘तिगा एकोर लेंबू’, येथे ‘एकोर’ म्हणजे शेपूट. तीन घरे म्हणजे ‘तिगा बुआह रुमाह’, येथे ‘बुआह’ म्हणजे फळ. ओरोमोची मोजणी याशिवाय चालते. छत्तीसगढीत मात्र ‘तीन झन मनखे’ आणि ‘दू ठन घर’ हा नित्याचा प्रयोग आहे. हिरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ साली छत्तीसगढीचे व्याकरण सिद्ध केले व ग्रियर्सन यांनी १८९० साली ते इंग्रजीत आणले; तेव्हापासून ही भाषा अभ्यासकांच्या नजरेस आहे. तरीही मराठीत तिचा उल्लेख ‘हिंदीची एक बोली’ एवढ्यावर आटोपतो. वास्तविक ‘झन’ आणि आपला ‘जण’ हे एकाच ‘जन’ची लेकरे. आपण ‘पाच जण आले’ म्हणतो. ‘पाच जण माणसे’ सहसा म्हणत नाही. म्हणजे जी वाट मराठीने उंबऱ्यापाशीच सोडली, त्या वाटेने छत्तीसगढी पुष्कळ पुढे गेली. एमेनो यांनी भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, हा आपला सिद्धान्त १९५६ साली मांडताना वर्गदर्शकांचाच पुरावा विस्ताराने तपासला होता, ही गोष्ट मराठीतील चर्चेत मूर्धन्य वर्ण आणि द्राविडी शब्द यांच्या गर्दीत हरवलेली दिसते.

तिसरा मुद्दा ‘आपण’चा. मलयमध्ये ‘आम्ही’साठी दोन सर्वनामे आहेत. ‘कामी’ म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आम्ही. ‘किता’ म्हणजे ऐकणाऱ्यासह आपण. ओरोमोत एकच, ‘नुयि’. मराठीने ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद कसोशीने जपला आहे, गुजरातीनेही जपला आहे. प्रमाण हिंदीत तो नाही. हा भेद द्राविडी संपर्काचा परिणाम मानण्याकडे विद्वानांचा कल आहे. साउथवर्थ यांनी १९७१ साली मराठीच्या उगमाशीच आर्य-द्राविड मिश्रणाची प्रक्रिया असावी असे मांडले, त्या विचाराला हा भेद पोषक वाटतो. प्रस्तुत लेखकास हे मत त्याज्य वाटत नाही, पण ते फार सहज स्वीकारले गेले असे मात्र वाटते. तेलुगूत ‘मनमु’ व ‘मेमु’ हा भेद आहे, तमिळातही आहे. परंतु मराठीला सर्वांत निकटची असलेली कन्नड आज एका ‘नावु’वरच भागविते. जुन्या कन्नडात तो भेद होता, म्हणून युक्तिवाद अगदीच कोसळत नाही. तो कालनिर्णयाच्या प्रश्नापाशी येऊन थांबतो. आणि द्राविडी भाषांशी कुळाचे नाते नसलेल्या मलयमध्ये तोच भेद असणे हे बजावते की, केवळ साम्य दाखवून उसनवारी सिद्ध होत नाही. ‘आपण’ हा शब्द तर ‘आत्मन्’पासून आलेला, म्हणजे सामग्री आर्य आहे; आराखडा कोणाचा, हे ठरविण्यास शेजाराचा इतिहास हवा. दूरच्या भाषांचे मोल येथे आहे: त्या शेजाऱ्यांविषयीची आपली घाई थोपवितात.

ही घाई किती जुनी आहे ते हलबीच्या उदाहरणावरून कळते. ‘भारतीय भाषा सर्वेक्षणा’चा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. तो स्टेन कोनो यांनी सिद्ध केला होता व बस्तरच्या हलबीला त्यात स्थान मिळाले. छत्तीसगढी पूर्वी हिंदीच्या खंडात गेली, गोंडी द्राविडी भाषांच्या खंडात गेली. हलबीला तिचा ‘चो’ मराठीकडे घेऊन आला. ‘आमचो बस्तर’ हे शब्द ऐकताच मराठी मनुष्य हरखतो. पण हा ‘चो’ ‘चा-ची-चे’ नव्हे. तो लिंगानुसार बदलत नाही. प्रत्यय मराठीसारखा आणि वागणूक छत्तीसगढीसारखी, अशी ही भाषा. तिला मराठीची बोली म्हणण्यात आपला अभिमान सुखावतो, परंतु हलबीविषयी काहीच कळत नाही. कोनो यांनाही तिचे मिश्र स्वरूप दिसले होते. खंडांची रचनाच अशी होती की प्रत्येक भाषा कोठेतरी एकाच ठिकाणी ठेवणे भाग होते. सर्वेक्षकाची ती अडचण समजू शकते. त्या अडचणीलाच सिद्धान्त मानणाऱ्या नंतरच्या अभ्यासकांना मात्र तेवढी सवलत देता येत नाही.

पद्मनाभपुरातील मराठीला ‘बिघडलेली’ म्हणणारे याच चुकीची दुसरी बाजू आहेत. तेथील मराठी ही एका काळाची देणगी नव्हे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात अठराव्या शतकात आलेली घराणी, मध्य प्रांताच्या काळात नोकरीपेशाने आलेली कुटुंबे, १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटल्यानंतर पोलाद कारखान्यात रुजू झालेले लोक, असे थर या परिसरात एकमेकांवर चढले. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते, हे आज दोन्हीकडच्या तरुणांना सांगावे लागते. २००७ साली छत्तीसगढीला राज्यात राजभाषेचा दर्जा मिळाला. घरांत मात्र शाळेची भाषा म्हणून हिंदीच शिरली आहे.

तेथील एका घरी एका वृद्ध बाई नातवाला सांगत होत्या, “दोन ठन लिंबं आण.” मुलगा गेला, आणला ऐवज टोपलीत टाकून म्हणाला, “दोन्ही पिवळी निघाली.” पाहुण्या आलेल्या पुण्याच्या नातेवाइकांनी ‘ठन’वर हसून घेतले. त्यांच्या कानांनी ‘पिवळी निघाली’ टिपले नाही. वर्गदर्शक शेजाऱ्याचा, नपुंसकलिंगी अनेकवचन मात्र विशेषणापासून क्रियापदापर्यंत जसेच्या तसे. मलयच्या मोजणीची रीत आणि ओरोमोच्या लिंगाचा आग्रह, दोन्ही त्या स्वयंपाकघरात एकत्र नांदत होते. थोड्या वेळाने तोच मुलगा आजीला म्हणाला, “संध्याकाळी आपण तलावावर जाऊ,” आणि अंगणातल्या मित्राला हिंदीत, “अपन शाम को चलेंगे.” मध्य भारताच्या बोलचालीच्या हिंदीतील हा ‘अपन’ त्याने घरून नेला की गल्लीतून आणला, हे शोधावयाचे तर त्या घराच्या तीन पिढ्यांचे बोलणे नोंदवावे लागेल, आणि ते काम ती पहिली पिढी बोलती आहे तोवरच होण्याजोगे आहे.